सगळ्या गल्लीचा ओटीपी

माझा भाऊ राजपाल फौजेत गेला तेव्हा भरती सोपी होती. मैदानावर धावायचं, छाती फुगवायची, साहेबानं फीत लावायची. राजपालचं वजन कमी भरलं, तर तो बाहेर येऊन डझनभर केळी खाऊन पुन्हा रांगेत उभा राहिला आणि पास झाला. माझी नात श्रावस्ती धावण्यात त्याच्याहून वरचढ आहे. पण आता धावण्याआधी ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, आणि आज त्याचा शेवटचा दिवस होता.

भूमला चैतालीच्या कॉम्प्युटर सेंटरवर आम्ही दोघी सकाळपासून बसलो होतो. दुपारी एकदाची साइट उघडली.

"आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी गेलाय, सांगा," चैताली म्हणाली.

तो मोबाइल आमच्याजवळ नव्हताच. आधारकार्डवाले आले तेव्हा आमच्या गल्लीत एकच मोबाइल होता, माझे धाकटे दीर पिराजी यांचा. सगळ्या गल्लीनं तोच नंबर दिला. कुणाचा गॅस असो, कुणाचं रेशन, आकडा भावजींकडंच जातो. लोक त्यांच्या दारात जाऊन विचारून येतात. नेमके आज भावजी ढोकीला लेकीकडं गेलेले.

चैतालीनं स्पीकरवर फोन लावून दिला.

"भावजी, म्या केशर. आकडा आलाय न्हवं? सांगा पटकन."

"न्हाय सांगणार. बँकेतल्या सायबानं बजावलंय, फोनवर सख्ख्या आईला बी सांगायचा न्हाय. चोर आता वळखीच्या आवाजात बोलत्यात."

"अवो, म्या चोर हाय का?"

"ते आत्ता कळंल. एक सवाल इचारतो. बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायच्या कामावर, मुकादमाचा नवा जोडा हिरीत कुणी टाकला?"

त्या जोड्याचा आळ पंधरा वर्षांच्या भावजींवर आला होता आणि त्यांनी आमच्या मालकांचा, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचा, मार खाल्ला होता. मी नवी नवरी, गप्प राहिले. पुढं पन्नास वर्षं गप्पच राहिले. आता मागं रांगेत दहा-बारा जण कान टवकारून उभे, आणि ओटीपी दहाच मिनिटांचा.

"म्या टाकला."

"ऐकू न्हाय आलं."

"म्या टाकला! आमच्या बायांच्या घागरीला पायानं ढकलत हुता, म्हणून टाकला!"

रांगेनं टाळ्या वाजवल्या. पलीकडं भावजी इतके हसले, इतके खोकले, की मुदत संपली. चैतालीनं दुसरा ओटीपी मागवला.

"आता दुसरा सवाल..." भावजींनी सुरू केलं.

"दुसऱ्या पायातला बी म्याच टाकला! आकडा सांगा!"

सहा आकडे आले. चैतालीनं बटण दाबलं, फॉर्म गेला. श्रावस्तीनं मला उचलून गरकन फिरवलं.

फोन अजून चालूच होता.

"वहिनी, दादाला कवा सांगताव?"

मालकांना जाऊन नऊ वर्षं झाली.

"फोटूपुढं सांगा. आजच. म्या आल्यावर श्रावस्तीला इचारणार हाय."

घरी येऊन मेणबत्ती लावली आणि सांगितलं. साक्षीला श्रावस्ती शेजारी उभी होती, फौजेत लागल्यासारखी ताठ सावधान.