गोळ्यांची तिजोरी

"बाई, बोल्ट जमिनीत मारू का भिंतीत?" सोनाजीनं ड्रिल खाली ठेवून विचारलं.

"दोन्हीकडं मार. हलली न्हाई पायजे."

"एवढी जड तिजोरी कोणता चोर नेतो हो!"

"चोरासाठी न्हाई रे," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ओसरीकडं पाहिलं. त्यांचे यजमान विश्वंभरराव तिथं बसून शर्टाच्या गुंड्या काढत होते, लावत होते, पुन्हा काढत होते.

कळमनुरीतल्या एका सराफानं नवी तिजोरी घेतली, म्हणून ही जुनी मनकर्णाबाईंना स्वस्तात मिळाली. गेल्या महिन्यात विश्वंभररावांनी मधुमेहाच्या गोळ्या घेतल्या आणि घेतल्याचं विसरून परत घेतल्या. दुपारी ते न्हाणीत बेशुद्ध सापडले. नांदेडच्या दवाखान्यातून परत आल्यावर एकदा गॅस उघडा राहिला, एकदा पहाटे ते डोंगरकडा गावाच्या रस्त्यावर सापडले. गोळ्या ठेवलेल्या कपाटाचं कुलूप त्यांनी चिमट्यानं उचकटलं होतं.

सोनाजीनं कुलूप बदलून नवी किल्ली केली, आतले गंजलेले कप्पे घासून रंगवले, वर रेक्झिन चिकटवलं. जाताना तो म्हणाला, "कुलपात गोडंतेल घालू नका, धूळ धरतं. शिसपेन्सिलीची पूड फुंकायची. तेल फक्त बिजागरीला. अन् आत तांदळाची पुरचुंडी ठेवा, गोळ्या सादळणार न्हाईत."

त्या दिवसापासून गोळ्या, विळी, वस्तरा, गॅसचा लायटर आणि पुढच्या दाराची किल्ली तिजोरीत गेली. तिजोरीची किल्ली मनकर्णाबाईंच्या गळ्यात. एक कांदा चिरायचा तरी तिजोरी उघडा, विळी काढा, धुवा, परत ठेवा, बंद करा. चहाला उघडा, गोळीला उघडा. संध्याकाळपर्यंत त्यांचा उजवा खांदा भरून यायचा.

एका सकाळी विश्वंभरराव आंघोळ करून, शर्ट खोचून तिजोरीसमोर येऊन उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी एका पतसंस्थेत रोखपालाचं काम केलं होतं.

"म्याडम, तिजोरी उघडायची व्हय?"

"आवो, कसली म्याडम? मी मनकर्णा!"

त्यांचा चेहरा एकदम पडला. काहीतरी मोठी चूक झाल्यासारखे ते भिंतीला टेकले आणि दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच विचारलं, तेव्हा मनकर्णाबाई म्हणाल्या, "व्हय. बसा तुमी."

ते स्टुलावर बसले. फडक्यानं तिजोरीची मूठ पुसली, बिजागरीतली धूळ काढली. मग रोजच तसं होऊ लागलं. तिजोरीतल्या कशालाही ते हात लावायचे नाहीत. म्याडमनं उघडायची, म्याडमनं बंद करायची, त्यांनी राखायची. कित्येक महिन्यांनी मनकर्णाबाईंना दार लोटून निवांत आंघोळ करता आली. अंगावर पाणी घेताना त्यांना रडू आलं. 'अगं' म्हणून हाक येऊन किती दिवस झाले, ते आठवेना.

"बाबा कसे आहेत गं?" पुण्याहून संपदा फोनवर विचारायची. "ओळखतात का तुला?"

"कामावर जाऊन राहिले," मनकर्णाबाई म्हणायच्या आणि दुसरं काहीतरी बोलायच्या.

एका संध्याकाळी त्यांनी रात्रीची गोळी काढून तिजोरी लावली. विश्वंभररावांनी मूठ ओढून पाहिली.

"बराबर बंद झाली. म्याडम, आता जाऊ का घरी? मंडळी वाट पाहून राहिली असंल."

मनकर्णाबाईंचा हात किल्लीवरच राहिला.

"मी गेल्याबिगर ती जेवत न्हाई," ते संकोचून म्हणाले. "किती डाव सांगितलं, ऐकत न्हाई."

"जा," मनकर्णाबाई कशाबशा म्हणाल्या. "काहून वाट पाहायला लावता तिला?"

त्यांनी तिजोरी पुन्हा उघडली, पुढच्या दाराची किल्ली काढली आणि दार उघडलं. विश्वंभरराव चपला घालून ताठ मानेनं निघाले. चार पावलं मागे ठेवून त्याही निघाल्या. पिठाच्या गिरणीपाशी ते घुटमळले, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"इकडून हाय घर," मागून त्या हळूच म्हणाल्या. ते वळले.

फाटक जवळ येताच मनकर्णाबाई लगबगीनं पुढं झाल्या, आत गेल्या, तांब्या भरून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. धाप लागली होती.

"आलात?"

विश्वंभररावांनी चपला काढून भिंतीशी नीट जोडून ठेवल्या.

"उशीर झाला गं," ते म्हणाले. "जेवली न्हाईस ना अजून?"

"न्हाई," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि खाली वाकून त्यांच्या पायांवर पाणी घालू लागल्या.