मळ्यातली चप्पल

माझी डावी टाच गेलं दीड वर्ष आमच्या गल्लीत माझ्यापेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. भेटणारी बाई आधी "टाच कशी हाय?" विचारते आणि उत्तर ऐकायच्या आत स्वतःच्या मावशीचा इलाज सांगते. मी असे एकोणीस इलाज ऐकलेत.

पळण्याचं हे खूळ माझ्या डोक्यात शेजारच्या संस्कृतीने घातलं. ती शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी "ताई, मले सोबत पाहिजे, कुत्रे लागतात मागं," असं म्हणून तिने मला पहाटे मूर्तिजापूर रोडला नेलं. महिन्याभरात कुत्रे मागे पडले आणि मी पुढे. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण दिवसातला तो अर्धा तासच असा आहे की मला कुणी हाक मारत नाही. तो मला फार प्रिय आहे, हे सांगायला मी लाजत नाही.

मग टाच धरली. सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल टाकलं की बाभळीचा काटा थेट गुडघ्यापर्यंत गेल्यासारखं व्हायचं. कारंजातल्या डॉक्टरीणबाईंनी टाच अंगठ्याने अशी दाबली की मी दवाखाना डोक्यावर घेतला. त्यांनी पळणं निम्म्यावर आणलं. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची, आणि अनवाणी अजिबात चालायचं नाही, घरातसुद्धा.

"दीड महिना नीट करा," त्या म्हणाल्या. "फरक पडला नाही तर पळणं कायमचं बंद."

मी जिद्दीला पेटले. पोटऱ्या ताणून ताणून भिंतीवर माझ्या पंजांचे डाग पडले. घरात घालायला मऊ चप्पल आणली. ती घालून स्वयंपाकघरात शिरले, तेव्हा माझ्या सासूबाई, जिजाबाई, हातातलं लाटणं तसंच धरून बघत राहिल्या.

"काय वं, चुलीपाशी चप्पल? दवाखान्यात राह्यतो काय आपण?"

"डॉक्टरनं सांगितलं, आई."

"बरं, घाल. पन देव्हाऱ्यापाशी नको आनू."

मनाने त्या लोण्यासारख्या आहेत. रोज संध्याकाळी त्या माझ्यासाठी वीट तापवायच्या, तिच्यावर रुईचं पान ठेवायच्या आणि टाच शेकायला लावायच्या. माझी तक्रार एकच होती. वीट माझ्यापर्यंत यायची तोवर कोमट झालेली असायची.

"आई, वीट नीट तापत नाही तुमची."

"तापते वं. जास्त तापली तं चामडी जाईन तुही," असं म्हणून त्या तोंड फिरवायच्या.

चार आठवडे गेले. फरक शून्य. मी संस्कृतीजवळ रडले, खरंच रडले. तिने माझा मोबाईल हातात घेतला. पळताना गाणी ऐकायला मी तो कमरेच्या पिशवीत ठेवते आणि दिवसभर तिथेच विसरते. त्यात पावलं मोजली जातात, हे मला माहीतच नव्हतं.

"ताई, पळनं तं थोडंसंच हाय तुमचं. सकाळी सात ते दहा आठ हजार पावलं कुठी चालता?"

"कुठी म्हंजे? मळ्यात असतो आमी."

"चप्पल घालून?"

मी कपाळावर हात मारून घेतला. मळ्यात आमच्याकडे कुणीच चप्पल घालत नाही. रंगराव, म्हणजे माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, त्यांच्या वडिलांपासूनचा हा नेम आहे. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पायातलं काढायचं आणि मगच वाफ्यात उतरायचं. बियाणं विकायला आलेल्या एका साहेबाला मामाजींनी बूट हातात घेऊन सगळी वांगी दाखवली होती. मी डॉक्टरीणबाईंना घर सांगितलं, रस्ता सांगितला, मळ्याचं नावही काढलं नाही. मळ्यात जाणं हे काम, त्याला चालणं कोण म्हणतं? मी रोज तीन तास उघड्या टाचांनी कडक सऱ्या तुडवत होते आणि घरी येऊन देवाला दोष देत होते.

रात्री जेवताना मी विषय काढला. मामाजींचा घास हातातच थांबला.

"काळी माय हाय ते. तिच्या आंगावर चप्पल घेऊन नाचते काय कोनी?"

"नाचत नाही मामाजी, मेथी तोडतो."

"एकच गोठ हाय."

माझे यजमान हर्षल ताटातल्या वांग्याकडे असे बघत होते, जसं काही त्या वांग्याने आत्ताच काही विचारलं. मला राग आला. "मंग उद्यापासून मी धुऱ्यावर बसतो. तुमी तोडून आना, मी जुड्या बांधतो," असं सांगून मी उठले.

आणि बसलेच. चप्पल घालून, गोणपाटावर. मामाजी भारा आणून टाकायचे, मी जुड्या बांधायची. तीन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त भाजीपुरतं बोललो. पण धुऱ्यावर बसलं की सगळा मळा दिसतो. तिसऱ्या दिवशी मला दिसलं की मामाजी सरीतून येताना उजवी टाच टेकतच नाहीत. पंजावर वजन, ओठ दाबलेले आणि दर पाचसहा पावलांनी उगाच आभाळाकडे बघणं. ही चाल मी कुठेही ओळखली असती. ती माझीच होती.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम अर्धा तास लवकर स्वयंपाकघरात गेले. मामाजी पाटावर बसले होते. उजवी टाच विटेवर, विटेवर रुईचं पान. सासूबाई शेजारी पंख्याने स्वतःलाच वारा घालत होत्या. मला हसू फुटलं, ते आवरेना.

"हसू नको," मामाजी म्हणाले.

"किती दिवस झाले?"

"दोन साल," सासूबाईंनी सांगून टाकलं. "पयले त्याईले लावतो, मंग तुले. मले शपथ घालून ठेवली व्हती."

"मामाजी, बोलले काहून नाही तुमी?"

त्यांनी पान सरळ केलं. "बोललो असतो तं तू म्हनली असती, वावरात चप्पल घाला."

मला त्यांची इतकी माया आली की भांडण कुठे गेलं ते कळलंच नाही. मी तिथेच बसले आणि त्यांच्यानंतर माझी टाच त्याच कोमट विटेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुऱ्यावर पोचले तर मामाजी आधीच उभे. समोर रबरी चपलांचे दोन नवे जोड, विहिरीच्या पाण्याने धुतलेले, वर हळदीकुंकू.

"ह्या जोड्याईनं धुऱ्याभाईर पाय नाई ठेवला पाहिजे," ते म्हणाले. "मळ्यातल्या मळ्यातच जगतीन. भाईरचा चिखल इथं नाई, इथची माती भाईर नाई. हे मायले आधीच सांगून ठेवलं मी."

त्यांनी वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली आणि पाय चपलेत सरकवला. साठ वर्षांत पहिल्यांदा. दहा पावलं चालले, थांबले, मागे वळले.

"काय गादीवानी लागून राह्यलं वं हे!"

त्याच दुपारी भाजीचा व्यापारी आला. मामाजींच्या पायात चप्पल बघून तो खुशाल बूट घालून आत शिरला. मामाजींचा आवाज कारंजाच्या बसस्टँडपर्यंत गेला असेल.

दीड महिना भरला त्या दिवशी मी दवाखान्यात गेले. मामाजी सोबत आले होते, मला धीर द्यायला म्हणून. डॉक्टरीणबाईंनी अंगठा रोवला. दुखलं, खोटं कशाला बोलू, पण ओरडण्याइतकं नाही.

"निम्म्याने उतरलंय. बाकीचं सांभाळून राहावं लागेल, काही दिवस चांगले, काही वाईट," त्या म्हणाल्या. "पळा. पण हळू."

मी डोळे पुसले. मामाजींना सांगायला वळले, तर ते माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसलेले, धोतर गुडघ्यापर्यंत घेतलेलं आणि उजवा पाय डॉक्टरीणबाईंच्या समोर सरळ धरलेला.

"आता हे पाहा," ते म्हणाले. "पन हळू दाबा."