अर्ध्या मिनिटाची वाळू

सोमवार, ८ जुलै १९७४. सकाळचे आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. मिरजेतल्या लहान मुलांच्या एका दवाखान्याच्या ओसरीवर सव्वीस मुलं नंबराने बसली होती. जैनब सिस्टरने मला उलटं केलं, वाळू संपेपर्यंत पाहिलं आणि तेरावा नंबर सगळ्यांच्या आधी आत नेला.

मित्रांनो, मी एक जुनं वाळूचं घड्याळ आहे. माझी वाळू बरोबर अर्ध्या मिनिटात खाली येते. काच कुठून आली, आठवत नाही. लाकडी चौकट मात्र सिस्टरच्या वडिलांनी, तंबोरे बनवणाऱ्या अल्लाबक्ष यांनी, उरलेल्या तुकड्यातून घडवली. वाळू पडते तोवर सिस्टर मुलाच्या पोटाकडे पाहत श्वास मोजते. दोन वर्षांच्या मुलाचे वीसपेक्षा जास्त झाले, की ती कुणाचं ऐकत नाही.

त्या सकाळी पहिला नंबर नानासोंच्या नातवाचा होता. त्याच्या रडण्याने ओसरी दणाणली होती.

"सिस्टर, पोरगं बोंबलतंय, दिसत न्हाई व्हय? का वाळूत बघून भविष्य सांगताय?"

"दिसतंय की, मामा. बोंबलायला दम लागतो. त्यो त्याच्यात लय हाय. बसा."

तेराव्या नंबरची आई, चंद्राबाई, संकोचून मागे सरली. "आवं, ह्यास्नीच जाऊ द्या आदी. माझं गुणाचं हाय. सकाळधरनं रडलंच न्हाई."

"म्हणूनच, अक्का," सिस्टर म्हणाली.

माझ्या एका फेरीत त्या मुलाचे चौतीस श्वास झाले होते. डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन लावला. पाचव्या दिवशी ते भुकेने मोठ्यांदा रडलं आणि चंद्राबाई हसली. एवढ्या कलकलाटात न रडणारं मूल सिस्टरला ऐकू कसं येतं, हे मला आजही उलगडलेलं नाही.

नंबर मोडला म्हणून नानासोंनी तक्रार केली. डॉक्टर काटेकोर होते.

"सिस्टर, एकदा बरोबर निघालं म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही. महिनाभर तपासू. कोण तातडीचं, ते तुम्ही चिठ्ठीवर लिहा, मी वेगळं लिहीन. मूल नंबराने आलं की तुम्ही आधी पाठवलं, मला कळू द्यायचं नाही. चिठ्ठ्या बंद पाकिटांत ठेवायच्या. मधे एकमेकांना विचारायचं नाही. चुकलात तर पुन्हा नंबराप्रमाणे."

३१ जुलैला कवठे महांकाळहून अंबूबाई आपल्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीने आईच्या खांद्यावर मान टाकली होती. माझ्या एका फेरीत सव्वीस श्वास झाले. सिस्टरने तिला आधी पाठवलं. थोड्या वेळाने अंबूबाई औषधाची बाटली घेऊन बाहेर आली.

"घरी न्या म्हनले. लय शांत पोरगी हाय म्हनले."

सिस्टरची मूठ माझ्याभोवती आवळली. आत जाऊन बोलावं, तर तपासणी मोडणार आणि उद्यापासून पुन्हा नंबर. तिने पुढच्या मुलासाठी मला उलटं केलं.

८ ऑगस्टला पाकिटं उघडली. मुलं तीनशे बारा होती. दोनशे अठ्ठ्याण्णव ठिकाणी दोघांचं मत एकच निघालं. उरलेल्या चौदांपैकी तेरा मुलं पुन्हा दाखवायला आली होती. त्यांत दहा वेळा सिस्टर बरोबर होती. डॉक्टरांनी त्या दहा चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या.

"मला मूल टेबलावर निजवून दिसत नाही, ते तुम्हाला ओसरीवर उभ्या उभ्या दिसतं," ते हळू म्हणाले.

मग त्यांनी चौदावी चिठ्ठी उचलली. ती पुन्हा न आलेल्या अंबूबाईच्या मुलीची होती.

"हे तेव्हाच बोलायला हवं होतं."

"नियम होता, डॉक्टर."

"नियम माझा होता."

नोंदवहीत गाव होतं. आज, ९ ऑगस्टला, सकाळी दोघं पहिल्या एसटीने निघाले. मला सिस्टरने खिशात ठेवलं होतं.

आता दहा वाजून पाच मिनिटं झाली आहेत. अंबूबाईच्या घरात मुलगी बाजेवर पडून आहे. रडत नाही. सिस्टरने मला उलटं केलं आहे.

मित्रांनो, माझी काच पुसली नाही तरी चालेल. वाळू पडत असताना मात्र बोलू नका. डॉक्टरही मुलीच्या पोटाकडे पाहत श्वास मोजत आहेत.

सतरा. अठरा. वाळू अजून थोडी उरली आहे.