बोटं बापाची

मी एक जुनं पितळी कुलूप आहे. मित्रांनो, जवळ या, पण हात मागे ठेवा. तुम्ही चोर आहात असं मी म्हणत नाही. पण संशय घेणं हाच माझा धंदा, आणि जित्याची खोड सहजासहजी जात नाही.

माझा जन्म कारखान्यातला, पण माझी नोकरी सुरू झाली ती १९९६ साली पिंपळवंडीत, कोंडाबाईंच्या घरी. त्यांचा भाऊ बहिरू कुलपं उघडण्यात पटाईत होता. त्यानं सख्ख्या बहिणीची पेटीही सोडली नाही. तो तुरुंगात गेला आणि त्याची आई नसलेली सात वर्षांची पोर, पुष्पा, आत्याकडे राहायला आली. शेजारच्या लंकाबाईंनी उंबऱ्यातच तिचा हात धरून पाहिला.

"डावखुरी हाय, बोटंबी बापाचीच! कोंडे, रगात कुटं जातंय व्हय?"

दुसऱ्याच दिवशी कोंडाबाईंनी जुन्नरच्या बाजारातून मला आणलं आणि पेटीला लावलं. पेटीत त्यांची बोरमाळ होती. किल्ली कायम त्यांच्या कमरेला.

पुष्पा रोज मला पुसायची, कधी खोबरेलाचा थेंब सोडायची. मी मनात म्हणायचो, ही मला फितवतेय!

कोंडाबाईंचे यजमान हौशीराम, ज्यांना पुष्पा मामा म्हणे, ते मात्र भोळे. त्यांनी तिच्या हाती बंद पडलेलं घड्याळ आणि स्क्रूड्रायव्हर दिला. "उघड, बघ, पन परत जसंच्या तसं लाव," असं ते सांगायचे. घड्याळ चालू झालं. मग बॅटरी, मग रेडिओ. लंकाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "चोराच्या लेकीला हत्यार देता व्हय, भाऊ?" मलाही अगदी तेच वाटत होतं.

आणि एका दुपारी, घरात कोणी नसताना, पुष्पानं केसातला आकडा काढून माझ्यात घातला. कट्! मी उघडलो. सापडलीस, म्हटलं! पण तिनं मला न्याहाळलं, हसली आणि पुन्हा दाबून बंद केलं. पेटीचं झाकण उचललंसुद्धा नाही. ही रंगीत तालीम असणार, असं मी ठरवून टाकलं.

पुढे मामांना दमा जडला. डॉक्टर म्हणाले, "दमा तुमच्या वडलांकडून आलाय, पण त्याला उठवते ती कांद्याची धूळ. वखारीत जाऊ नका आणि हा औषधाचा पंप उशाशी ठेवा." कोंडाबाईंनी पंप पेटीत ठेवला. "पोरगी त्योबी उघडून बसंल," म्हणाल्या.

२००३ सालची गोष्ट. संकष्टी होती, कोंडाबाई किल्लीसकट ओझरला गेलेल्या. मामा न राहवून वखारीत गेले आणि धापा टाकत परतले. ओठ निळे पडत होते. चौदा वर्षांची पुष्पा माझ्यापुढे बसली. मला उघडलं तर सगळ्यांचं म्हणणं खरं ठरणार होतं. तरी तिनं डाव्या हातानं आकडा काढला.

संध्याकाळी कोंडाबाईंनी उघडी पेटी पाहिली आणि त्या गरजल्या, "शेवटी बापावरच गेलीस! चल, ऊठ, नीघ माझ्या घरातनं!"

"अगं, माझा जीव वाचवला तिनं," मामा कसेबसे बोलले.

कोंडाबाईंनी पेटीत हात घालून चाचपलं. पेटीत बोरमाळ जागच्या जागी होती. "कवा शिकलीस गं ह्ये?"

"तीन वर्सं झाली, आत्या."

"तीन वर्सं?" त्यांनी कमरेची किल्ली सोडून हातात घेतली. म्हणाल्या, "मंग मी ही किल्ली कशापायी वागवली?" आणि पुष्पाला जवळ ओढून रडल्या.

मला फार लाज वाटली. सगळं पाहिलेला साक्षीदार मीच होतो, आणि मीच खोटं धरून बसलो.

आता पुष्पा नारायणगावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करते. घरी आली की मला तेल देते. मी खिळ्याला उघडाच लटकतो. मित्रांनो, पेटीला खुशाल कुलूप लावा, पण कुणाच्या बापाकडे बघून लेकराला लावू नका. त्या दिवशी मामांचा जीव जात होता तो माझ्यामुळे. वाचवला तो बहिरूच्याच बोटांनी.