दोन गोड, एक तिखट

आता मी जे सांगणार आहे त्यावर शिवाजी पेठेतलं कुत्रंसुद्धा विश्वास ठेवणार नाही, माणसांचं तर सोडाच. चाळीस वर्षं मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, तोलल्या मी. काट्यावर कधी खोटं बोललो नाही. त्यामुळं ते सगळं खोटं आत साठून राहिलं आणि रिटायर झाल्यावर तोंडावाटे बाहेर पडायला लागलं, असं आमची चिमणाबाई म्हणते.

तालमीच्या कोपऱ्यावर चिमणाबाईचा चहाचा गाडा आहे. संध्याकाळी पाचला तिथल्या बाकावर आम्ही दोघं ठरलेले, मी आणि कृष्णात. कृष्णात माझा पहिलीपासूनचा दोस्त. जगात फुटबॉल सोडून दुसरं काही असतं हे त्याला मान्य नाही. त्याला तारीख सांगा, त्या दिवशीचा सामना सांगेल. सामना सांगा, कितव्या मिनिटाला कुणी गोल मारला ते सांगेल. एरवी मुका. साठ वर्षं माझ्या थापा ऐकतोय, पण एकदाही मध्ये तोंड घातलेलं नाही. असा श्रोता नवस करूनही मिळत नाही.

काल चहा उकळत होता तेव्हा मी सुरू केलं.

"बाई, एक सांगतो. पण तुमचा इस्वास बसायचा न्हाय."

"कवा बसलाय?" चिमणाबाई आलं ठेचत म्हणाली. "मागल्या आठवड्यात रंकाळ्यात मगर बगितलासा. काय म्हनली म्हनं ती?"

"रामराम म्हनली. पर ही थाप न्हाय. ह्यात माझा हुपरीचा दोस्त हाय."

कृष्णात तळहातावर तंबाखू मळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

मी सांगायला लागलो. आमचा फोनवर एक ग्रुप आहे, नाव 'कथेकरी'. नऊ माणसं. नऊच्या नऊ हौशी, एकाचंही आजवर पुस्तक निघालेलं नाही आणि निघायचं भयही नाही. ॲडमिन निपाणीची पवित्राताई, शाळेत शिकवते. कुणी कुणाला पाहिलेलं नाही. नियम दोनच. गोष्ट टाकताना वर 'ही गोष्ट आहे' असं लिहायचं नाही, थेट पहिल्या वाक्यानं सुरुवात करायची. आणि वाचणाऱ्यानं दोन गोड आणि एक तिखट सांगायचं. म्हणजे दोन गोष्टी काय आवडल्या आणि एक काय खटकली. नुसतं 'छान छान' लिहिलं की पवित्राताई वर्गाबाहेर उभं केल्यासारखं करते.

त्यातला हुपरीचा शशिधर माझा खास. घरातच बसून पैंजणाच्या कड्या जोडायचं काम. बायको वारलेली, मुलगा बेंगळुरूला. दिवसभर हातात चिमटा आणि डोक्यात भुतं. भुताच्या गोष्टी लिहायचा, आणि त्याही सगळ्या 'मी, मी' करून. 'आज सकाळी मी मेलो आणि माझा चहा गार झाला.' ही त्याची सुरुवात. वाचणाऱ्याला वाटावं, आता पिंडालाच जायचंय.

हुपरी इथून गाडीनं तासाचा रस्ता. तरी तीन वर्षांत आम्ही एकमेकांचं तोंड बघितलं नाही. एकदा मी लिहिलं, ये की एकदा कोल्हापूरला. तो म्हणाला, 'नको. तोंड बघितलं की खोटं बोलायची लाज वाटेल.' मला ते पटलं. पण रोज सकाळी सहाला त्याचा मेसेज ठरलेला: 'एनप्पा, उठलास का?' त्याची आई सीमेपलीकडची, म्हणून आपल्या 'काय रे बाबा'च्या जागी त्याचं 'एनप्पा'. मी लिहायचो, 'नाही, मेलोय.' तो लिहायचा, 'मग तुझा चहा मी पितो.'

एवढंच. पण माझं घरातलं बोलणं म्हणाल तर एवढंच. पोरगा पुण्याला, त्याचा फोन सणासुदीला. मंडळी गेल्यापासून घरात दुसरा आवाज फक्त फ्रीजचा. सहाच्या ठोक्याला फोन हातात धरून बसायची सवय अजून मोडलेली नाही.

"म्हंजे लगीन न झालेल्या पोरापोरीवानी," चिमणाबाई म्हणाली.

"त्याहून वाईट बाई. पोरापोरींचं निदान भांडन तरी हुतंय."

तर फेब्रुवारीत त्यानं मला फसवलं. दुपारी ग्रुपवर टाकलं: 'गाडी उलटली आहे. मी खाली आहे. वरच्या पोत्यातून अंगावर घुंगरं पडतायत, मोजतोय.' मी वाचलं आणि फोनच लावत सुटलो. वीस फोन केले. पवित्राताईला केला, तिनं आणखी चौघांना केला. धोतर सोडून पॅन्ट चढवली, पायात चप्पल घातली, तोवर मेसेज आला: 'एनप्पा! कोल्हापूरचा थापाड्या हुपरीत फसला!' आठ दिवस ग्रुप माझ्यावर हसत होता. तेव्हाच मी शपथ घेतली, पुन्हा म्हणून ह्या माणसाला फसायचं नाही.

"आनि मग आला मार्चचा शेवटचा रविवार," मी म्हणालो.

कृष्णातचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. माझ्या लक्षात आलं, पण गोष्ट चढणीला लागली होती. चढणीवर बैल थांबवता येत नाही.

त्या दिवशी सहाचा मेसेज आला नव्हता. मी म्हटलं, रविवार आहे, झोपला असेल. दुपारी मी घरात एकटाच. जेवण झालेलं, डोळा लागत होता. फोन वाजला. ग्रुपवर शशिधर:

'सकाळपासून उजवा हात माझं ऐकत नाही. चिमटा उचलत नाही. आता पायही त्याला सामील झालाय. डाव्या अंगठ्यानं लिहितोय. दार आतून बंद आहे.'

मधली बरीच अक्षरं गळलेली होती, ती मी भरून सांगतोय.

सगळ्यांत आधी पवित्राताई आली. 'गोड: हाताला तुम्ही एक वेगळं पात्रच केलंत. गोड: वाक्यं छोटी, श्वास लागल्यासारखी. तिखट: भूत अजून आलं नाही.' मग साताऱ्याचे अमरसिंह, बँकेत होते. त्यांचं तिखट: 'शुद्धलेखनाकडं लक्ष द्यावं.'

"आनि तुमी?" चिमणाबाईनं विचारलं. "तुमी काय लिवलासा?"

मी बाकावर सरकून बसलो. घसा साफ केला.

"मी लिवलं: तिखट. मानूस घरात एकटा हाय, मग शेजाऱ्याला हाक का मारत न्हाई? पटत न्हाई."

"मग?"

"त्यानं लिवलं, शेजारी लग्नाला गेलेत."

"मग?"

"मी लिवलं, हां. आता पटलं."

चिमणाबाईचा आलं ठेचणारा हात तसाच राहिला. "आगं बाई गं," ती म्हणाली.

आता गोष्ट मला हातात घ्यावी लागली. नाहीतर ती तिथंच बसून राहिली असती.

"पर दोनच मिनिटं!" मी बाकावरून उठलो. "दोन मिनिटांत माझ्या टाळक्यात उजेड पडला. शशिधरच्या गोष्टीत भूत तिसऱ्या वाक्याला येतंच येतं. आजवर चुकलं न्हाय. हितं पाच वाक्यं झाली आनि भूत कुठं हाय? म्हंजे ही गोष्टच न्हवं!"

"आत्ता गं माझ्या सोन्या," चिमणाबाई म्हणाली. "मग?"

मग मी तसाच पळत सुटलो. हुपरीची गाडी नुकतीच सुटत होती. मी तिच्यापुढं रस्त्यात आडवा झोपलो. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं, "पावणं, मरायचं आसंल तर मागल्या गाडीखाली झोपा, मला हजेरी हाय." मी म्हटलं, "मी न्हाय मरत, माझा दोस्त मरतोय." एवढं ऐकलं आणि त्या माणसानं टोपी उलटी फिरवली. एकाही थांब्यावर गाडी थांबवली नाही. पट्टणकोडोलीला उतरणारे चालत्या गाडीतून उड्या मारून उतरले, वर मला हात जोडून गेले. एक म्हातारी तर कोंबडीसकट उतरली, आणि कोंबडीनं उतरता उतरता अंडं घातलं, ते कंडक्टरनं झेललं. गाडीच्या टपावर घुंगरांची पोती होती. प्रत्येक खड्ड्याला अख्खी गाडी छुमछुम वाजायची. रानातली बायामाणसं काम टाकून बघत राहिली, कुणाची वरात चालली म्हणून.

चिमणाबाई हसली. मग हसली म्हणून लाजली. "मानूस मराय टेकलाय आनि ह्यांचं बगा."

पत्ता मला ठाऊक नव्हता. पण त्याच्या अठ्ठावीस गोष्टी पाठ होत्या. भूत कायम निळ्या दारातून येतं. दारापुढं चिंच, चिंचेला दोनच मोठ्या फांद्या, खाली फुटकं पिंप. मी गल्ली गल्ली धुंडली. सगळीकडं उंबऱ्याआत माणसं माना खाली घालून कड्या जोडत बसलेली. चौथ्या गल्लीत चिंच दिसली. पिंप दिसलं. निळं दार दिसलं. भुतांच्या गोष्टीत त्या माणसानं एक शब्द खोटा लिहिला नव्हता, बाई. घर अगदी तसंच होतं.

"खांदा लावला. दुसऱ्या दनक्याला दार कडीसकट आत."

"ह्या वयात?"

"तीस किलोचे रवे उचललेला खांदा हाय ह्यो." मी दाखवला. "आत शशिधर जमिनीवर आडवा. डाव्या हातात फोन. मला बगितलं, वरनं खालपातुर बगितलं, आनि म्हनला कसा, एनप्पा, तू एवढा बुटका?"

मग पाठीवर घेतला त्याला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासाचा खेळ होता आजोबा, तुम्ही आणलंत म्हणून. आता बरा आहे. पाय चालतो. उजवा हात अजून थोडा हट्टी आहे, पण डाव्यानं कड्या जोडायला शिकलाय. मला म्हणतो, तू माझ्या गोष्टीचा शेवट बिघडवलास. मी म्हणतो, माझं तिखट होतं ते.

बोलून झाल्यावर मी बाकावर बसलो. चहा गार झाला होता. चिमणाबाईनं पदर डोळ्याला लावला होता. खरंच लावला होता.

"नाना," ती म्हणाली, "इतकी वर्सं तुमी सांगताय. आज पयल्यांदा माझा इस्वास बसला बगा."

मी गार चहा एका घोटात संपवला.

"घिऊन या की त्यास्नी हितं. येत्या रविवारी. मी कांदाभजी काडते. एवढं मरनाच्या दारातनं आल्यालं मानूस, कोरड्या तोंडानं जाऊ देऊ व्हय?" तिनं वरच्या फळीवरून एक नवा ग्लास काढला, कोऱ्या कागदात गुंडाळलेला. धुतला, पदरानं पुसला आणि रोजच्या ग्लासांपासून लांब, बरणीच्या शेजारी पालथा घातला. "ह्यो त्यांचा. तवर कुनाला देनार न्हाय. येतील न्हवं?"

"येईल की," मी म्हणालो. "न येऊन सांगतोय कुनाला? चारच्या गाडीनं."

"जोती."

मला नावानं हाक कुणी मारली ते आधी कळलंच नाही. मग बघितलं तर कृष्णात. त्यानं हातातली मळलेली तंबाखू न खाता झटकून टाकली होती.

"मार्चचा शेवटचा रविवार," तो म्हणाला. तो ग्लासाकडं बघत होता, माझ्याकडं नाही. "फायनल हुती. एक-शून्य. गोल एकाहत्तराव्या मिनटाला, हेडर. तू माझ्या डाव्या अंगाला बसलेलास. पयल्या शिट्टीपास्नं शेवटच्या शिट्टीपातुर."

"कृष्णात..."

"हाफटायमाला फोन काडलास. मला वाचून दावलंस. ह्यो गडी परत फसवाय लागलाय मला, म्हनलास. हसलास. आता पटलं म्हनून लिवलंस आनि फोन खिशात घातलास. दुसऱ्या हाफात त्यो खिशात दोनदा वाजला. मी म्हटलं, बग की कोन हाय. तू म्हनलास, गप, गोल बग."

चिमणाबाई कधी माझ्याकडं, कधी त्याच्याकडं बघत होती. स्टोव्ह नुसताच जळत होता.

"बुधवारी त्येच्या पोराचा मेसेज आला. तुझा चष्मा घरात हुता, म्हनून हितंच, ह्या बाकावर, बाई पान्याला गेल्यावर मीच वाचून दावला तुला. दार मंगळवारी फोडलं, लोक लग्नास्नं परत आल्यावर. त्येला जाऊन दोन दिस उलटून गेलते." कृष्णात उठला. गाड्याजवळ गेला. "बाई, त्यो गिलास उचला. कोन येनार न्हाय. ह्यो हुपरीला गेलाच न्हाय."