वीरभद्राची उष्णता

आत्तिमंगलमच्या शिवमंदिरातला वीरभद्र हजार वर्षांचा आहे, आणि हजार वर्षं तो रागावलेलाच आहे. आठ हात, उगारलेला पाय, वटारलेले डोळे, आणि मिशा अशा की वर लिंबू ठेवलं तर घरंगळणार नाही. एवढा राग अंगात धरून उभं राहायचं म्हणजे उष्णता होणारच. म्हणून माणसं त्याला गार करायला लोण्याचे गोळे फेकून मारतात. गोळा अंगावर चिकटला तर काम झालं म्हणायचं. घसरला तर बाहेर जाऊन दुसरा विकत घ्यायचा.

गोळे विकायची शेन्बगम. महाद्वारासमोर कडुनिंबाखाली, पाण्याच्या हंड्यात गोळे तरंगत ठेवून ती तीस वर्षं बसत होती. आणि प्राचीन मूर्तीला लोणी लागू नये म्हणून सरकारने आत जो पहारेकरी नेमला होता, तो कोदंडपाणी म्हणजे शेन्बगमचाच नवरा. बाहेर बायको विकायची, लोक आत येऊन फेकायचे, आणि पहाटे नवरा शिकेकाई आणि कोमट पाण्याने सगळं पुसून काढायचा. या व्यवस्थेत बावीस वर्षं कुणाचंच काही अडलं नव्हतं.

शुक्रवारी पत्र आलं तेव्हा अडलं. पुरातत्त्व खात्याच्या नव्या अधिकारी पुष्कला मॅडम सोमवारी पाहणीला येणार होत्या. मूर्तीवर लोण्याचा डाग जरी दिसला, तरी पहारेकऱ्याची बदली करडीमलैच्या किल्ल्यावर होईल, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

करडीमलैला साडेसहाशे पायऱ्या. कोदंडपाणीचे गुडघे नुसता जिना बघितला तरी कुरकुरायचे. वर ना झाड, ना चहावाला. सोबतीला माकडं, आणि तीही म्हणे चिडकी. पण खरी धास्ती निराळीच होती. दुपारी देवळाचं दार बंद झालं की तो कडुनिंबाखाली शेन्बगमसमोर बसून जेवायचा, यात एका दिवसाचा खंड नव्हता. आता किल्ल्यावर एकट्याने डबा उघडावा लागणार होता. हे त्याने अर्थातच कुणाला सांगितलं नाही. त्याऐवजी तो बायकोवर ओरडला.

"सोमवारी एकसुद्धा गोळा विकायचा नाही! कळलं का?"

"अहो, अग्निनक्षत्र चालू आहे. वर्षातले सगळ्यात कडक दिवस. या दिवसांत त्याला लोणी मिळालं नाही तर तो बिचारा काय करील?"

"काय करायचंय त्याला? दगड आहे तो!"

"दगड म्हणे. मग पहाटे पुसताना त्याच्याशी गप्पा काय मारता? परवा तर माझी चहाडी करत होतात."

"शेन्बगम! विकायचं नाही म्हणजे नाही!"

"बरं," शेन्बगम म्हणाली.

इथेच त्याला शंका यायला हवी होती. तीस वर्षांच्या संसारात ती पहिल्या फटक्यात कधी 'बरं' म्हणाली नव्हती. पण कोदंडपाणीला राग लवकर यायचा आणि शंका उशिरा.

सोमवारी पहाटे त्याने वीरभद्राला असा घासला की मिशांची टोकं चमकायला लागली. समोर एक मोठी पाटी उभी केली. 'वीरभद्रावर लोणी फेकण्यास सक्त मनाई आहे.' मग स्टुलावर बसून तो वाट बघू लागला.

आत्तिमंगलमची माणसं कायदा पाळणारी आहेत, हे इथे सांगितलं पाहिजे. सरकारने लिहिलेलं ती नीट वाचतात आणि लिहिलंय तेवढंच पाळतात. पहिला आला तवमणी शिंपी. त्याने पाटी तीनदा वाचली, मान डोलावली, बाहेर गेला, परत आला, आणि पच्चकन काहीतरी वीरभद्राच्या पोटावर मारलं.

"अरे! काय फेकलंस?"

"ताडगोळा, अण्णा."

"ताडगोळा? का?"

"लोण्याला बंदी आहे ना? मी वाचलं नीट. ताडगोळा लोण्याहून गार."

कोदंडपाणीने खडू घेतला आणि पाटीवर 'लोणी'च्या पुढे 'व ताडगोळे' असं घुसडलं. तेवढ्यात मास्तरांची बायको आली, तिने पाटी वाचून तांब्याभर ताक उडवलं. त्याने 'ताक' लिहिलं. दोघे भाऊ आले, ते घामोळ्यांच्या पावडरीचा अख्खा डबा वीरभद्राच्या काखांत उधळून गेले. आठ हात म्हटल्यावर काखाही आठ, डबा पुरला नाही म्हणून धाकटा दुसरा आणायला पळाला. कुणी ओला पंचा डोक्यावर टाकला. इस्त्रीवाला कुमरेसन तर टेबलफॅन घेऊन आला आणि वायर लावायला जागा शोधू लागला.

"मी काही फेकत नाहीये, अण्णा. नुसता वारा घालतोय. वाऱ्याला बंदी आहे का?"

"आहे! चल नीघ!"

"मग लिहा तसं."

पाटीवर आता मुंगी शिरेल एवढीही जागा उरली नव्हती. शेवटचे शब्द तर इतके बारीक झाले होते की कोदंडपाणीला स्वतःलाच वाचता येईनात. वीरभद्राच्या पोटावरून ताडगोळ्याचं पाणी ठिबकत होतं, ताकात पावडर कालवून मिशांवर लापशी झाली होती, आणि पंचा एका डोळ्यावर आल्यामुळे हजार वर्षांत पहिल्यांदाच तो रागीट सोडून दुसरं काहीतरी दिसत होता. कोदंडपाणीने डोक्याला हात लावला.

आणि मग सेलमची बस आली.

बसमधून चाळीस माणसं उतरली. त्यांची पुढारी होती एक ऐंशीची म्हातारी, उलगम्मै पाट्टी, म्हणजे आजी. नातवाला नोकरी लागली होती आणि पाट्टी नवस फेडायला आली होती. लोणी मिळालं नाही म्हणून ती डगमगली नाही. तिने शिदोरी सोडली आणि दहीभाताचा मोसंबीएवढा गोळा वळला.

"पाट्टी, थांबा! पाटी वाचा!"

"मला कुठलं वाचायला येतंय, बाळा?"

"मग मी वाचतो. लोणी, ताडगोळे, ताक, पावडर, ओला पंचा, टेबलफॅन..."

"दहीभात आहे का त्यात?"

कोदंडपाणीने पाटी पुन्हा वरून खाली बघितली.

"नाही ना?" असं म्हणून पाट्टीने हात मागे नेला आणि सगळा जीव एकवटून गोळा भिरकावला. नेमक्या त्याच क्षणी खांबाआडून एक बाई पुढे आली. चष्मा, कडक इस्त्रीची सुती साडी, हातात फाइल. दहीभात तिच्या खांद्यावर बसला.

गोळा हलला नाही.

"चिकटला!" पाट्टी आनंदाने म्हणाली आणि तिने हात जोडले.

पुष्कला मॅडमचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. त्यांनी पाटीकडे बघितलं, वीरभद्राकडे बघितलं, मग स्वतःच्या खांद्याकडे.

"पहारेकरी कोण?"

"मी, अम्मा."

"उद्यापासून करडीमलै."

पाट्टी मॅडमना न्याहाळत होती. "अगं बाई, हिलाही केवढी उष्णता झालीय," ती हळहळली. "आणखी एक वळू का?"

तिला चौघांनी धरून बाहेर नेलं. मॅडमनी सोबत आणलेल्या दोघांना मूर्ती साफ करायला सांगितलं. पोरं शिकलेली होती, त्यांच्याकडे मऊ ब्रश होते आणि बाटलीत खास पाणी होतं. पण ताडगोळ्याच्या गोडीने एव्हाना मुंगळ्यांची रांग लागली होती आणि मुंगळ्यांना शिक्षणाची किंमत नसते. एकजण हात झटकत खाली उतरला. दुसऱ्याने ताक-पावडरीच्या लापशीवर पाणी ओतलं, तशी ती पसरून कमरेपर्यंत आली.

कोदंडपाणी कोपऱ्यात उभा होता. त्याची नोकरीच इथली सुटली होती, त्याला काही देणंघेणं नव्हतं. पण पोराने ब्रश वरच्या हाताकडे नेला आणि त्याला राहवलं नाही.

"अरे गाढवा, तसा घासू नकोस! सहाव्या हाताची करंगळी सुटायला आलीय! हो बाजूला!"

त्याने पोराला अक्षरशः ढकललं, बादली ओढली, शिकेकाई कालवली आणि स्टुलावर चढला. हात चालू, तोंडही चालू. "थांब रे, डोळ्यात जाईल. हां. काय अवस्था करून घेतलीस. हात वर कर. म्हणजे आहेच म्हणा वर. आणि तुझ्यापायी मी चाललो माकडांत..." हे सगळं वीरभद्राला. पाव तासात मूर्ती लख्ख झाली, मुंगळेसुद्धा गेले. खाली उतरला तेव्हा त्याला आठवलं की मॅडम मागेच उभ्या आहेत.

त्या स्टुलावर चढल्या आणि भिंगातून करंगळी बघत राहिल्या. बराच वेळ.

"ही चीर आमच्या एकाही फोटोत नाही," त्या म्हणाल्या.

"फोटोत दिसत नाही, अम्मा. बोटाला लागते."

मॅडम खाली उतरल्या. पाटी हातात घेऊन त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, शेवटचं भिंगातून. 'टेबलफॅन'पाशी त्यांचा ओठ जरासा हलला, पण त्यांनी तो आवरला.

"लोण्याचं काय करायचं ते मी वर विचारते," त्या म्हणाल्या. "तोवर पूर्वीचं चालू द्या. लोणी बंद केलं तर दहीभात येतो. दहीभात बंद केला तर काय येईल, याचा विचार करायची माझ्यात ताकद नाही."

"आणि करडीमलै, अम्मा?"

"तिथे कोणी काही फेकत नाही. तुमचं तिथे काय काम?"

दुपारी दार बंद झालं. कोदंडपाणी कडुनिंबाखाली येऊन बसला. शेन्बगमने भात वाढला, वर कुळंबूची आंबट आमटी, बाजूला भाजलेला अप्पळम पापड. पहिला घास उचलताना त्याची नजर तिच्या पाठीमागे गेली. तिथे ताडगोळ्यांच्या सालींचा ढीग होता. ताकाचा रिकामा माठ होता. घामोळ्यांच्या पावडरीचं खोकं होतं.

"हे सगळं तू विकलंस?"

"तुम्ही म्हणालात लोणी विकू नको. विकलं का मी?"

"आणि टेबलफॅन?"

"तो कुमरेसनचा. मी नुसतं सुचवलं."

"अगं बये! माझी बदली झाली असती!"

"लोणी बंद झाल्यावर काय होतं, ते त्या बाईला डोळ्यांनी दिसायला नको? तुम्ही पाट्या लावून एका सोमवारी निभावलं असतं. मग मंगळवारी?"

"आणि केलीच असती बदली तर? माझे गुडघे, साडेसहाशे पायऱ्या, वर मी एकटा..."

"एकटे का म्हणून?" शेन्बगम वैतागली. "हंडा डोक्यावर घेऊन मी चढले नसते का? तुम्हाला काय वाटलं, मी इथे बसून एकटी जेवणार आहे? वर माकडांना विकलं असतं."

कोदंडपाणीने ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तो आणखीच लालबुंद झाला.

"बघा, बघा, किती तापलात," शेन्बगम म्हणाली. तिने हंड्यात हात घातला, तळाशी राखून ठेवलेला एकुलता एक गोळा काढला आणि त्याच्या टकलावर थापला.

चिकटला.

लोणी हळूहळू वितळून कानामागून मानेवर उतरू लागलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच कोदंडपाणीने ते पुसलं नाही. तो खाली मान घालून जेवत राहिला.