मायच्या लुगड्याला लागलेली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे आणि आज मान खाली घालूनच बोलणार आहे.

गोंडपिपरीच्या देवाजी टेलरांनी मला बाजारातून आणलं. तीस वर्षं त्यांनी माझ्याकडून शर्ट-पँटी बेतून घेतल्या. ते गेले आणि मी डब्यात गंजत पडले. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग सून नंदिनीने मला घासून धार लावली.

नंदिनी बाहुल्यांचे कपडे शिवते. खेळायच्या नव्हे हो, हौशी लोक कपाटात मांडून ठेवतात त्या बाहुल्यांचे. शंभर वर्षांपूर्वीच्या धाटणीचे झगे, फुग्याच्या बाह्या, झालरी, बोटभर लेस. गिऱ्हाइकं लिहीत, "काय सफाई आहे!" आणि मी फुगून जाई. शर्ट-पँटीला कधी कुणी असं म्हटलं होतं का?

एकदा पुण्याच्या बाईंनी झगा मागितला. कापड खरोखर जुनं हवं, वयाने पिवळसर पडलेलं. सासू गिरजाबाई धानाच्या बांधीत निंदायला गेल्या होत्या. नंदिनीने त्यांची पेटी उघडली. तळाशी पांढरं लुगडं होतं, ना काठ, ना जर.

"कोन नेसते हे आता?" ती पुटपुटली.

मला ते लुगडं ठाऊक होतं. एकदा त्याचा दोरा सुटला, तेव्हा देवाजीभाऊंनी मला उचललं होतं. "कात्री नोको लावू त्याले," असं गिरजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तो दोरा दाताने तोडला. हे सगळं मला आठवत होतं. जाड कापडावर मी हमखास अडते. त्या दिवशी मात्र अडले नाही. कौतुकाची चटक लागली होती मला! पदराकडचा हातभर तुकडा मी सरसर कापून दिला. झगा पुण्याला गेला, भरपूर वाहवा झाली.

ऑक्टोबरात गिरजाबाईंनी लुगडं उलगडलं आणि पदराची कापलेली कड त्यांच्या हाती आली.

"माह्या मायनं हे नेसून चांद्याले बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, नंदिनी. मले इचारलं काऊन नाई?"

"आई, मले साधंच वाटलं..."

"साधंच हाये. तिच्यापाशी तेवढंच होतं."

नंदिनी रडायला लागली. "लेस लावून देऊ का? कोनालेच दिसनार नाई."

"नोको. कापलं ते दिसू दे. कोनी इचारलं तं तू सांगजो."

दीक्षेच्या दिवशी तेच लुगडं नेसून गिरजाबाई सुनेसोबत चंद्रपूरला, म्हणजे त्यांच्या चांद्याला, जायला बसकडे निघाल्या. कापलेली कड खांद्यावर उघडी होती.

मित्रांनो, आम्हाला गंजू देऊ नका, धार जरूर लावा. पण जुनं कापड हाती आलं, तर कापण्याआधी ते कुणाचं आहे हे घरात विचारा. मला विचारता येत नाही, तुम्हाला येतं.

संध्याकाळी नंदिनी परतली आणि नवऱ्याला सांगू लागली. वाटेत तीन बायांनी विचारलं आणि तिघींनाही तिने एकच उत्तर दिलं, "मीच कापलं." माझं नाव तिने एकदाही घेतलं नाही.